अजिंठा-वेरूळचं ‘एका दिवसाचं पॅकेज’: एक रविवार आणि नंतरचे दोन दिवस

छत्रपती संभाजीनगरमध्ये राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. इथे घर असलं की पाहुणे येणार आणि पाहुणे आले की अजिंठा-वेरूळ होणार. दरवर्षी किमान तीन वेळा तरी मी कुणाला ना कुणाला लेणी दाखवायला नेते. यंदा डिसेंबरात मोठ्या वन्सं आल्या. सोबत भाऊजी, वन्संच्या शहात्तर वर्षांच्या सासूबाई (त्यांना आम्ही सगळे आजीच म्हणतो), आठवीतली भाची आणि चौथीतला भाचा. मला त्रास नको म्हणून त्यांनी येण्याआधीच फोनवर एक पॅकेज ठरवून टाकलं होतं: ‘एका दिवसात अजिंठा-वेरूळ’, सात सीटची गाडी, ड्रायव्हर, टोल, पार्किंग सगळं धरून साडेपाच हजार. गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून मीही गेले. एरवी मी अशा गाडीत कधी बसले नसते. पण बसले म्हणूनच हे पॅकेज आतून कसं चालतं ते दिसलं आणि ते नीट लिहावंसं वाटलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शहरात अशा बऱ्याच जणी आहेत आणि बहुतेकींचं वेळापत्रक जवळजवळ सारखंच असतं.

पहिली गोष्ट बुकिंगचीच. वन्संनी मुळात सोमवारचं बुकिंग केलं होतं आणि पैसे घेणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नाही की सोमवारी अजिंठा बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. ही इतकी साधी गोष्ट आहे, इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, पण बाहेरून येणाऱ्याला कोण सांगणार? मी फोन करून विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, सोमवार असेल तर अजिंठ्याऐवजी दौलताबाद आणि मकबरा करून देतो, रेट तोच.’ म्हणजे त्यांना माहीत होतं. मी दिवस बदलून रविवार घ्यायला लावला. गर्दी असणार हे कळत होतं, पण दोन्ही लेणी उघडी असलेला जवळचा दिवस तोच होता.

रविवारी गाडी आठऐवजी आठ पंचवीसला आली. ड्रायव्हर तरुण, बोलायला नम्र, गाडी चालवायला अतिशय सावध. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. शहराबाहेर पडायच्या आधीच गाडी वळली आणि एका ‘हातमाग केंद्रा’समोर थांबली. ‘फक्त पाच मिनिटं बघा, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही,’ असं तो म्हणाला. आत दाराशीच एक माग मांडलेला, त्यावर एक म्हातारे गृहस्थ हिमरूची वीण दाखवत होते. हिमरू ही या शहराची खरी ओळख, सूत आणि रेशीम एकत्र विणतात, हात लावला की त्याची मऊ ऊब कळते. ते बघायला मलाही आवडलं. पण माग दाराशी दोन मिनिटांपुरता असतो. त्यानंतर गाद्यांवर बसवतात, चहा येतो आणि घड्या उलगडायला सुरुवात होते. आम्ही तिथून निघालो तेव्हा दहाला दहा कमी होते. वन्संनी साडेचौदा हजारांची पैठणी घेतली होती. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

वेरूळला पोचलो पावणेअकराला. शहरापासून वेरूळ तीसेक किलोमीटर आहे, म्हणजे घरून सरळ निघालो असतो तर सव्वानऊला कैलासात असतो. ‘एक तास, पावणेबाराला गाडीपाशी,’ असं ड्रायव्हरने सांगितलं. वेरूळला चौतीस लेणी आहेत. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. एका तासात आम्ही सोळावं, म्हणजे कैलास, तेही अर्धं पाहिलं. रविवारची शाळांची गर्दी, आजींना प्रांगणात बसवायला सावली शोधणं, मुलांचं पाणी, यातच वेळ गेला. भाचीने विचारलं, ‘मामी, बाकीची तेहेतीस?’ मी गप्प बसले.

मग ढाबा. तोही ठरलेलाच. साधी थाळी होती, चव बरी होती, पण गर्दीमुळे पन्नास मिनिटं गेली. वेरूळहून अजिंठा म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर. फुलंब्री, सिल्लोड करत टी-पॉइंटला पोचायला सव्वातीन वाजले. इथे खासगी गाड्या थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. लेण्यांपाशी धूर आणि गोंगाट नको म्हणून केलेली ही सोय आहे आणि मला ती मनापासून पटते. पण रविवारी दुपारी तिथे रांग असते. लेण्यांच्या तिकीट खिडकीशी उभे राहिलो तेव्हा चार वाजायला पाच कमी होते. अजिंठा साडेपाचला बंद होतं.

उरलेल्या दीड तासात पायऱ्या चढणं, चपला काढणं, रांगा. एक, दोन, सोळा, सतरा ही चार चित्रांची लेणी आम्ही लोकांच्या पाठी बघत पाहिली. आजी खालीच बसून राहिल्या, कारण डोली ठरवायलाही वेळ नव्हता. सव्वीसावं, नववं, दहावं राहिलं. परतताना टी-पॉइंटच्या बाजारातून चालत यावं लागतं आणि तिथे चमकते दगड विकणारा भेटलाच. घरी पोचलो साडेआठला.

मी त्या रात्री कागदावर मांडून बघितलं. दारातून निघाल्यापासून दारात येईपर्यंत बारा तास. त्यातले लेण्यांत अडीच तास. दुकान आणि ढाबा मिळून जवळजवळ दोन तास. पॅकेजमध्ये पैसे फार जातात असं मी म्हणणार नाही. एवढ्या अंतराला साडेपाच हजार गैर नाहीत. जातो तो दिवस. माणसं हजार मैलांवरून येतात, आयुष्यात एकदा येतात, आणि त्यांचा दिवस कुठे किती थांबायचा हे दुकानाच्या कमिशनवर ठरतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. सिल्लोडला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरनेच सांगितलं की दुकानात गाडी नेली नाही तर त्याला दिवसाचा भत्ता परवडत नाही, कंपनी वेगळं फारसं काही देत नाही. म्हणून त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. गाडीच ठरवायची असेल तर पैसे ठरवतानाच स्पष्ट बोला: ‘कुठल्याही दुकानात थांबायचं नाही, जेवायला आम्ही म्हणू तिथे, त्यासाठी वेगळे तीनशे-चारशे देऊ.’ मी हे बोलणं एकदा केलं आहे, पूर्वी एका पाहुण्यांसाठी, आणि तो दिवस वेगळा गेला होता.

आता पैठणी. सोमवारी सकाळी वन्संनी ती कौतुकाने आजींना दाखवायला काढली. मी म्हटलं, उलटी करून बघू. अस्सल हातमागाच्या पैठणीत काठ आणि पदर नक्षीच्या धाग्याने जागच्या जागी विणतात, शेजारचा रंग आला की धागा तिथेच गुंतवून मागे फिरवतात. म्हणून मोर किंवा पोपट जसा वरून दिसतो तसाच मागूनही दिसतो, फक्त चोच दुसरीकडे. वन्संच्या पदराची मागची बाजू आम्ही खिडकीशी धरली. मोराच्या पिसाऱ्यापासून मानेपर्यंत लांब लांब धागे नुसतेच ओढलेले, आणि जिथे ते संपत होते तिथे कात्रीने कापल्यासारखं बारीक केसाळ झालं होतं. बोट फिरवलं की अडकत होतं. ती सेमी पैठणी होती, यंत्रावरची. सेमी पैठणी घेण्यात काही कमी नाही, सुंदर असतात, मी स्वतः नेसते. पण ती सेमी म्हणून आणि सेमीच्या भावात घ्यायची. ‘शुद्ध हातमाग’ म्हणून साडेचौदा हजारांना नाही. बिलावर बघितलं तर फक्त ‘सिल्क साडी’ एवढंच लिहिलं होतं. ‘हातमाग’ हा शब्द कुठेच नव्हता. दुकानात फोन केला तर म्हणाले बदलून मिळेल, पैसे परत नाहीत.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की पैठणी घ्यायची तर पदर दिवसाच्या उजेडात उलटा करून बघा, बिलावर ‘हातमाग’ आणि ‘शुद्ध रेशीम’ लिहून घ्या, सिल्क मार्कची (शुद्ध रेशमाची अधिकृत खूण) पट्टी आहे का बघा. आणि सहलीच्या दिवशी तर घेऊच नका. लेण्यांना जायची घाई असताना, ड्रायव्हर बाहेर उभा असताना, चहा पिऊन झालेला असताना माणूस पारखू शकत नाही. वेळ असेल तर वेगळा दिवस काढून पैठणला जा, पन्नासेक किलोमीटर आहे, किंवा परतीच्या वाटेत येवला असेल तर तिथे उतरा. मागावर बसलेल्या माणसाचा हात बघितला, दिवसभर विणून पदर जेमतेम काही इंच पुढे सरकतो हे डोळ्यांनी पाहिलं, की भाव का असतो ते कळतं आणि स्वस्त ‘अस्सल’ पैठणीचं आमिष आपोआप सुटतं.

सोमवारी आम्ही मकबरा आणि पाणचक्की केली. मकबऱ्याचं तिकीट पंचवीस रुपये, संध्याकाळी जा, उन्हं उतरली की बागेत बसायला बरं वाटतं. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

सोमवारी रात्री मी वन्संना म्हटलं, उद्या परत अजिंठ्याला जाऊ, एसटीने. भाऊजी साशंक होते, आजींचं वय म्हणून. पण आजीच म्हणाल्या, ‘मला ती झोपलेली मूर्ती बघायची आहे, लहानपणी पुस्तकात पाहिली होती.’ ती सव्वीसाव्या लेण्यातली. रविवारी आम्ही तिथपर्यंत पोचलोच नव्हतो.

पहाटे सहाच्या सुमारास मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावला जाणारी एसटी धरली. बायकांना राज्यात एसटीचं अर्धं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, त्यासाठी आधार कार्ड बरोबर ठेवायचं. आमच्या सहा जणांचं तिकीट गाडीच्या पॅकेजच्या मानाने किती कमी झालं असेल ते सांगायला नको. एक गोष्ट मात्र कंडक्टरला चढतानाच सांगा: ‘अजिंठा लेणी, टी-पॉइंट.’ नुसतं ‘अजिंठा’ म्हटलंत तर तो अजिंठा गावात उतरवेल. गाव घाटाच्या वर आहे, लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटर अलीकडे, आणि दरवर्षी तिथे चुकून उतरलेली, बॅगा घेऊन उभी असलेली माणसं मी बघते. टी-पॉइंट फर्दापूरच्या जवळ आहे.

रेल्वेने येणाऱ्यांना आणखी एक सांगते. अजिंठा संभाजीनगरपासून शंभर किलोमीटर, पण जळगावपासून साठच. मुंबई-भुसावळ मार्गावरून येणार असाल तर सकाळी जळगावला उतरा, अजिंठा करा, संध्याकाळी पुढे संभाजीनगरला मुक्कामाला या आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ. जाऊन परत येण्याचा एक पूर्ण फेरा वाचतो. पॅकेजवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांची गाडी संभाजीनगरहून निघते.

टी-पॉइंटला आम्ही पावणेनऊला उतरलो. बाजार नुकता उघडत होता. तरीही एक जण सोबत चालायला लागलाच. त्याची पद्धत सगळ्यांना सारखीच: कुठून आलात, नाव काय, मग मुलांच्या हातात एक छोटा चमकता दगड, ‘ही भेट, पैसे नकोत, फक्त येताना माझ्या दुकानात या, नंबर लक्षात ठेवा.’ मुलाने दगड घेतला की आईबापांना परतताना संकोच वाटतो, आणि त्या संकोचावरच पुढचा व्यवहार होतो. मी भाच्याला हळूच सांगितलं, ‘काकांना परत दे आणि थँक्यू म्हण.’ त्याने दिला. तो माणूसही काही बोलला नाही, दुसऱ्या घोळक्याकडे गेला. या लोकांशी उद्धटपणे वागू नका, त्यांचंही पोट त्यावर आहे. फक्त हातात काही घेऊ नका.

दगड मात्र खरे असतात आणि घेण्यासारखेही असतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात, त्यांत लाखो वर्षांत स्फटिक वाढतात. स्टिल्बाइटचे पीच रंगाचे पंखे, अपोफिलाइटचे पाण्यासारखे पारदर्शक सुळे, स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया. हे सगळे रंग सौम्य असतात. भडक गुलाबी, निळा, पोपटी दिसला तर तो बहुधा रंगवलेला आहे असं समजा. भिंग असेल तर भेगांकडे बघा, रंग तिथे जास्त गडद साचलेला दिसतो. भाचीला मी पांढरा स्कोलेसाइट घेऊन दिला, परतताना, घासाघीस करून, आणि तो तिने रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवून आणला.

टी-पॉइंटला सुविधा शुल्क वेगळं असतं, बसचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं. लेण्यांचं आपल्याला चाळीस रुपये, ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी, पंधरा वर्षांखालच्यांना काही नाही. परदेशी पाहुण्यांना सहाशे. तीन ठिकाणी पैसे घेतात म्हणून बरेच जण चिडतात आणि त्यांना वाटतं कुणीतरी फसवतंय. तसं नाही, ते अधिकृत आहे. पावती घ्या म्हणजे झालं.

नऊला खिडकी उघडली तेव्हा आम्ही पहिल्या पंचवीस माणसांत होतो. दोन गोष्टींवर मी पैसे खर्च केले आणि दोन्हींचं मला समाधान आहे. एक डोली, आजींसाठी. चार माणसं खुर्ची खांद्यावर घेतात. दर आधी ठरवा, आणि ‘जाऊन-येऊन, मध्ये थांबण्यासकट’ असा ठरवा, नाहीतर वर गेल्यावर थांबण्याचे पैसे निघतात. आमचे डोलीवाले चांगले होते, प्रत्येक लेण्याशी आजींना उतरवून हात धरून आत नेत होते. दुसरं म्हणजे परवानाधारक गाईड. गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागा, कुणाला राग येत नाही. पैसे, वेळ आणि भाषा तिन्ही आधी बोलून घ्या. आम्हाला मराठी बोलणारे, साठी ओलांडलेले एक गृहस्थ मिळाले. मी इतक्या वर्षांत अजिंठ्याला किती वेळा गेले असेन, पण त्या दिवशी जे दिसलं ते आधी दिसलं नव्हतं.

ते आम्हाला सरळ पहिल्या लेण्यात घेऊन गेले, गर्दीच्या आधी, आणि म्हणाले, ‘दोन मिनिटं काहीच बघू नका. डोळे अंधाराला बसू द्या.’ आत दिवे मुद्दाम मंद आहेत. ही चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. चिखलात भुसा, तंतू मिसळून केलेला लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. म्हणून ओलावा आणि प्रखर उजेड दोन्ही त्यांना सोसत नाही, आणि म्हणून फ्लॅश बंद. रविवारी आम्ही आत शिरून अर्ध्या मिनिटात बाहेर आलो होतो, म्हणजे आमचे डोळे उघडलेच नव्हते. दोन मिनिटांनी गाभाऱ्याच्या डावीकडे पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू वर आला. आधी मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग बोटांत धरलेलं कमळ. भाचा एकदम कुजबुजला, ‘ते उदास आहेत का?’ गाईड म्हणाले, ‘तुला काय वाटतं?’ आणि पुढे काही बोलले नाहीत. मला ते फार आवडलं.

मग त्यांनी एका खांबाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथे चार हरणं कोरली आहेत, एक बसलेलं, एक मान वळवलेलं, पण डोकं चौघांना मिळून एकच. कुठल्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. भाची खाली बसून वहीत ते काढायला लागली. रविवारी आम्ही त्याच खांबाखालून गेलो होतो.

सतराव्यात आजी बराच वेळ थांबल्या. तिथे बुद्ध कपिलवस्तूला परत आल्याचं चित्र आहे. हातात भिक्षापात्र घेतलेला बुद्ध भिंतभर मोठा, आणि समोर यशोधरा नि राहुल अगदी लहान. आई मुलाला हळूच पुढे करते आहे. आजींनी डोलीवाल्याचा हात घट्ट धरला होता, त्या एवढंच म्हणाल्या, ‘पोराला ओळख करून देतेय.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दहाव्यात जॉन स्मिथची सही. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीच्या वाटेवर या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि त्याने आत नाव आणि तारीख कोरली. ती आता आपल्या डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा आत पुरुषभर माती साचलेली होती आणि तो त्या मातीवर उभा होता. दहावं आणि नववं ही इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, ख्रिस्तपूर्व काळातली. पॅकेजवाले बहुतेक वेळा सतरावरून मागे फिरतात, पण सव्वीसावं सोडू नका. आत डाव्या हाताला बुद्धाचं महापरिनिर्वाण, जवळजवळ सात मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती, खाली शोक करणारे शिष्य. आजी तिच्यासमोर पंधरा मिनिटं खुर्चीत बसल्या. कुणी घाई केली नाही.

डबा आम्ही घरून नेला होता, पोळी-भाजी आणि ठेचा, तो खाली उतरून खाल्ला. लेण्यांत खाणं चालत नाही आणि बाहेर माकडं पिशवी बघून ठेवतात. दोन वाजता निघालो. साडेचार तास लेण्यांत मिळाले होते, आणि पाचच्या आत घरी होतो. ज्यांना डोंगर चढायचा कंटाळा नाही त्यांनी पावसाळ्यात यावं, तेव्हा वाघोरा नदी वाहती असते आणि लेण्यांच्या टोकाशी धबधबा पडतो. घोड्याच्या नालासारखी ती दरी तेव्हा हिरवीगार असते.

बुधवारी वेरूळ. तेही एसटीनेच, कन्नडकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. सकाळी बौद्ध लेणी शांतपणे केली. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार झोपडी म्हणतात, छताला लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत, पण सगळा दगड. भाच्याने हळू आवाजात ‘ओ’ म्हटलं आणि तो आवाज वर फिरत राहिला. कैलास मी मुद्दाम दुपारनंतर ठेवते. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी कडा सावली देतो, तीननंतर ऊन तिरपं आत येतं आणि शिल्पांना उठाव येतो. वरून खाली खोदत आणलेलं हे देऊळ, मागचा कडा शंभर फुटांच्या आसपास उंच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प शोधा. वर पार्वती शंकराच्या दंडाला बिलगलेली आहे आणि शंकर मात्र निवांत.

जैन लेणी बाजूला आहेत, किलोमीटरभर तरी, तिथे वाहनाने जावं लागतं, म्हणून बहुतेक जण सोडतात. बत्तिसावं, इंद्रसभा, नक्की करा. आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज फक्त एक जोडपं होतं. वरच्या मजल्यावर छतात कोरलेलं कमळ आणि खांबांवरचं इतकं बारीक काम, आणि पूर्ण शांतता.

घृष्णेश्वराला जायचं असेल तर सोमवार आणि श्रावण टाळा, रांग फार असते. पुरुषांना गाभाऱ्यात सदरा काढून जावं लागतं, हे आधी माहीत असलं की दाराशी गोंधळ होत नाही. दौलताबाद त्याच रस्त्यावर आहे, पण वेरूळला जोडून करू नका. किल्ल्याला शेकडो पायऱ्या आहेत, अंधारी (काळोखी भुयारी वाट) आहे, तो स्वतंत्र सकाळ मागतो. आजींमुळे आम्ही तो सोडला.

गुरुवारी निघायच्या आधी वन्संना पॅकेजवाल्यांचा मेसेज आला, अनुभव कसा वाटला, पाच तारे द्या. वन्संनी जेवणाच्या टेबलाशी बसून उत्तर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. ड्रायव्हरला पाच तारे, त्याच्या सावध गाडी चालवण्याबद्दल. पॅकेजला दोन. खाली दुकानात किती वेळ, ढाब्यावर किती, वेरूळला किती, अजिंठ्याला किती, असा मिनिटांचा हिशेब. शेवटी एक ओळ: ‘सोमवारी अजिंठा बंद असतं हे बुकिंग घेतानाच सांगत जा.’ पाठवलं, आणि मग त्या साडीची पिशवी बदलायला दुकानात घेऊन गेल्या. मीही बरोबर गेले, यावेळी पदर उलटा करून बघायला.